आजी आता मला ओळखत नाही. भेटायला जात राहावे का?

प्रश्न : नात, मानेवाडा

नमस्कार. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, ८३ वर्षांची आहे आणि गेल्या सात महिन्यांपासून वर्धा मार्गावर, नागपूर शहराच्या थोडे बाहेर असलेल्या एका केअर सेंटरमध्ये राहते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला अल्झायमरचा डिमेन्शिया असल्याचे सांगितले, तेव्हा भाजीत मीठ दोनदा पडते यापलीकडे आमच्या काही लक्षात आले नव्हते. मागच्या पावसाळ्यात ती पहाटे तीन वाजता दाराची कडी काढून रस्त्यावर गेली आणि त्यानंतर पंधरा दिवसांत दोनदा तिने गॅस सुरू ठेवला. बाबांची बायपास झालेली आहे, आईचे गुडघे साथ देत नाहीत आणि मी दिवसभर नोकरीवर असते. रात्री जागणारे माणूस घरात उरले नाही, तेव्हा हा निर्णय घ्यावा लागला. तो बरोबर होता की चूक, हे मी इथे विचारत नाही, कारण नातेवाइकांनी त्याबद्दल पुरेसे ऐकवले आहे.

मी दर रविवारी छत्रपती चौकातून मेट्रोने खापरीपर्यंत आणि पुढे ऑटोने जाते. आठवडाभराची घरातली कामे आटोपून निघायचे म्हणून पोहोचेपर्यंत साडेपाच होतात. पहिले काही महिने ती मला बघून खुलायची. फेब्रुवारीपासून मात्र ती मला ओळखत नाही. तिचे माहेर भिवापूरचे, ती सारखी विचारते, "इतवारीवरून गाडी किती वाजता हाय? माय वाट पाहून राहिली असन." इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी ती छोट्या रुळांची गाडी २०१९ मध्येच बंद झाली, भिवापूरचे घर त्याच्याही आधी विकले गेले, आणि तिची आई जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली. हे सगळे मी तिला दर वेळी समजावून सांगते आणि दर वेळी ती जास्तच बावरते.

दोन रविवारांपूर्वी माझ्याच्याने राहवले नाही आणि मी विचारले, "आजी, सांग बरं, मी कोण?" ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुमी नवीन बाई काय वं?" मी तिच्यासमोरच रडले. मला रडताना पाहून तीही रडायला लागली, आणि शेवटी तिथल्या मावशींनी तिला आत नेले. त्या रात्री ती जेवली नाही आणि झोपलीही नाही, असे दुसऱ्या दिवशी केंद्रातून कळवण्यात आले.

काकांचे म्हणणे असे आहे की आपण गेलो हे तिला दहा मिनिटांनी आठवत नाही. तेव्हा भेटीचा लाभ तिला काहीच नाही, होतो तो त्रासच, मग जायचे कशासाठी? केंद्राच्या व्यवस्थापकांनीही महिन्यातून एकदाच येण्याचे सुचवले आहे. मला हे पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. तिला आठवणार नसेल, तर माझ्या जाण्याचा तिला खरोखर काही उपयोग असतो का? आणि जायचे ठरवले, तर तिथे बसून नेमके काय करावे?

आणखी एक गोष्ट आहे. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी अलीकडे सारखी हलत असतात, काहीतरी खुडत असल्यासारखी. तिथले लोक म्हणतात की हा नुसता चाळा आहे. हा दुसरा काही आजार तर नसेल ना, अशी मला भीती वाटते.

प्रतिसाद : निवृत्त परिचारिका, अजनी

ताई, मी तीस वर्षे शासकीय रुग्णालयांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर चार वर्षे अशाच एका केंद्रात काम केले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या काकांचा मुद्दा रास्त वाटतो, पण भेट विसरली म्हणून भेटीचा परिणामही पुसला जातो, हे त्यांचे गृहीत धरणे चुकीचे आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये याच प्रश्नावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंददायक प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने विचारले तेव्हा काय पाहिले ते रुग्णांना फारसे सांगता आले नाही, काहींना तर आपण काही पाहिले हेच आठवत नव्हते. पण त्या प्रसंगांनी मनात उठलेली भावना अर्ध्या तासापर्यंत टिकून होती. त्यातही ज्यांना कमी आठवत होते, त्यांचे दुःख अधिक रेंगाळले. घडलेली गोष्ट साठवणारा मेंदूचा भाग या आजारात आधी झिजतो, पण भावना जिथे उमटते आणि मुरते त्या वाटा सगळ्या त्याच भागातून जात नाहीत. मी वॉर्डात हे रोज पाहत असे. सकाळी कोणी खेकसून बोलले, तर ती आजी दुपारी जेवणाच्या ताटाला हात लावत नसे, आणि कारण विचारले तर तिला सांगता येत नसे. त्याचप्रमाणे, कोणी तासभर शेजारी बसून पायांना तेल चोळून गेले की कोण आले होते हे विसरूनही ती संध्याकाळपर्यंत शांत राही.

म्हणजे तुमच्या जाण्याला अर्थ आहे. मात्र जे मागे राहते ते चांगले राहावे, याची काळजी तुम्हाला घ्यावी लागेल, कारण वाईटही तसेच राहते.

पहिली गोष्ट वेळेची. साडेपाच ही तुमच्या आजीला भेटण्याची सर्वांत अवघड वेळ आहे. डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता दिवस कलताना वाढते. दिवसभराचा थकवा असतो, शरीरातले दिवसरात्रीचे घड्याळ बिघडलेले असते, उजेड कमी होतो, सावल्या लांबतात आणि ओळखीची खोलीसुद्धा अनोळखी दिसू लागते. शिवाय नेमकी त्याच सुमारास केंद्रांमध्ये पाळी बदलते, त्यामुळे चेहरे बदलतात आणि गडबड असते. तिन्हीसांजेला तान्हे मूल किरकिरते हे आपल्याकडच्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. हेही त्याच जातीचे आहे. शक्य असेल तर सकाळी दहा-अकराला, अंघोळ आणि नाश्ता झाल्यावर जा. त्यासाठी रविवारच्या घरकामांचा क्रम बदलावा लागला तरी चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे "मी कोण, सांग" हे पुन्हा विचारू नका. तुम्ही प्रेमाने विचारता, पण तिच्यासाठी ती परीक्षा असते, आणि आपण नापास झालो एवढे तिला कळते. समोरून जा, म्हणजे ती दचकणार नाही. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, हात हातात घ्या आणि आपले नाव आपणच सांगा. "आजी, मी आले, तुझी नात." एवढे पुरे. तिने तुम्हाला नवीन बाई म्हटले तर नवीन बाई व्हा, बहीण म्हटले तर बहीण व्हा. एका वेळी एकच छोटे वाक्य बोला आणि मनात दहा आकडे मोजा, कारण उत्तर यायला तेवढा वेळ लागतो आणि आपण त्याआधीच दुसरा प्रश्न विचारून पहिला पुसून टाकतो. तिचा चष्मा डोळ्यांवर आहे का ते पाहा. सध्या कूलर सुरू असतील. कूलरच्या घरघरीत ऐकू कमी येणाऱ्या माणसाला शब्द वेगळे काढता येत नाहीत, म्हणून त्यापासून दूरच्या कोपऱ्यात बसा.

निघताना दारात उभे राहून निरोपाचा सोहळा करू नका. जेवणाच्या थोडे आधी निघा, मावशींनी तिला ताटावर बसवले की "येते हं आजी" म्हणा आणि शांतपणे बाहेर पडा. आपल्या भाषेत निघणारा माणूस "येते" असेच म्हणतो, त्यामुळे खोटे बोलल्याची टोचणीही राहत नाही.

आता हाताविषयी. हे डॉक्टरांना जरूर दाखवा, कारण पार्किन्सनमध्येही अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी थरथरतात. ती थरथर एका लयीत असते, हात स्वस्थ मांडीवर असताना दिसते आणि हात कामाला लागला की बहुधा कमी होते. तुम्ही मात्र "खुडत असल्यासारखी" असे लिहिले आहे आणि आजी भिवापूरची आहे. भिवापूर हे मिरचीचे गाव. लहानपणी त्यांनी कोणते काम केले होते, हे घरात कोणाला ठाऊक आहे का? शिकलेल्या गोष्टी डोक्यातून गेल्या तरी हाताला लागलेली सवय फार उशिरा जाते. आमच्या केंद्रातल्या एका आजींना स्वतःचे नाव सांगता येत नव्हते, पण कापूस पुढे ठेवला की त्या सरसर वाती वळायच्या, आणि एकही वात वाकडी नसायची.

प्रतिसाद : गिरणी कामगाराचा मुलगा, टिमकी

आपण आजींना गाडी बंद झाल्याचे आणि त्यांची आई गेल्याचे समजावून सांगता, हे वाचले आणि मला लिहावेसे वाटले, कारण मीही दोन वर्षे नेमके तेच केले आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. ते गेल्यानंतर काही वर्षांनी आईला विसराळूपणा सुरू झाला. संध्याकाळ झाली की ती दाराशी जाऊन बसे आणि विचारे, "तुमचे बाबा अजून कसे आले नाहीत?" खरे सांगितले की ती समजेल, निदान सवयीने तरी समजेल, असे मला वाटत होते. म्हणून मी सांगायचो, "आई, बाबा गेले ना." ती बातमी तिला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळायची. तिचा हात कपाळाकडे जायचा आणि जिथे कित्येक वर्षांपासून कुंकू नव्हते, ते कपाळ ती पुसायची. अर्ध्या तासाने ती पुन्हा दाराशी जाऊन तोच प्रश्न विचारायची. मी तिला किती वेळा विधवा केले, हे मोजायचे धाडस मला झालेले नाही.

मग एकदा माझ्या पत्नीने उत्तर दिले, "बाबांची आज रात्रपाळी आहे, तुम्ही जेवून घ्या." आई उठली, हात धुतले आणि जेवली. मिल कायमची बंद पडूनही तेव्हा बरीच वर्षे झाली होती. मला ते खोटे फार लागले. आमच्या घरात वडिलांनी खोटे कधी खपवून घेतले नव्हते, आणि त्यांच्याच नावाने रोज खोटे बोलायचे, हे मनाला पटेना. पण विचार करता करता माझ्या हे लक्षात आले की आई ज्या घरात बसली होती ते घर आमच्या आजच्या घरापेक्षा चाळीस वर्षे मागचे होते, आणि त्या घरात बाबा खरोखरच रात्रपाळीला गेलेले असत. पुढे मी याहून बरा मार्ग काढला. बाबा कुठे आहेत याचे उत्तर देण्याऐवजी मीच विचारू लागलो, "बाबा आले की पहिल्यांदा काय मागायचे गं?" ती सांगायची, "गरम पाणी. अंगाला रुई चिकटलेली राहते न." मग रुईबद्दल, भोंग्याबद्दल, पगाराच्या दिवशी आणलेल्या संत्र्यांबद्दल ती बोलत राहायची. त्यात मला खोटे बोलावे लागत नसे, आणि जे मी कधीच विचारले नसते, ते मला कळले.

आणखी एक सांगतो. आम्ही आईला शेवटपर्यंत घरीच ठेवले, त्याच घरात जिथे ती लग्न होऊन आली होती, तरीही ती रोज पिशवी भरून "मला घरी सोडून द्या" असे म्हणायची. तेव्हा आजी भिवापूरला जायचे म्हणतात, ते तुम्ही त्यांना केंद्रात ठेवले म्हणून म्हणतात, असे मनाला लावून घेऊ नका. जिथे आई वाट पाहत आहे असे ते घर आहे, आणि ते मानेवाड्यातही नाही.

प्रतिसाद : वैद्यकीय अधिकारी, नागपूर ग्रामीण

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. फक्त एका बाबीकडे लक्ष वेधतो, कारण ती निसटली तर नुकसान होऊ शकते.

आजींना त्या रात्री झोप लागली नाही आणि त्या जेवल्या नाहीत, याचे कारण भेटीतले रडणे असू शकते. परंतु तेच कारण आहे असे गृहीत धरू नये. डिमेन्शिया महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. माणूस काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम बिघडला, कधी फार गुंगीत तर कधी फार चिडलेला दिसू लागला, समोर नसलेले काही त्याला दिसू लागले, तर तो डिमेन्शिया "वाढला" असे न म्हणता डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारी गोंधळाची अवस्था, आहे का, हे तपासावे लागते. त्याचे कारण बहुतेकदा शरीरात सापडते: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेली झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी, रक्तातील सोडियम कमी होणे. कारण सापडून उपचार झाले तर माणूस बहुधा बराच सावरतो. वृद्धांमध्ये लघवीच्या संसर्गात ताप येईलच असे नाही. अचानक वाढलेला गोंधळ हेच कधीकधी एकमेव लक्षण असते.

आपल्याकडे या दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, आणि डिमेन्शियामध्ये पाणी मागायचे हेही सुचत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर सोडियम आणि पाणी दोन्ही कमी होण्याची शक्यता वाढते. म्हणून "आजींनी दिवसभरात किती पाणी घेतले आणि लघवी किती वेळा झाली?" हा प्रश्न केंद्रात प्रत्येक भेटीत विचारा. ताक किंवा पन्हे नेण्यास हरकत नाही, मात्र त्यांना गिळताना ठसका लागतो का हे आधी विचारून घ्या. आजार पुढे गेल्यावर पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि घरून आणलेल्या खाऊमुळे गुदमरल्याच्या घटना मी पाहिल्या आहेत. पाजताना त्यांना सरळ बसवा, छोटे घोट द्या, आणि घाई करू नका.

प्रतिसाद : शिक्षिका, महाल

मी अगदी थोडे लिहिते. माझे वडील अशाच एका केंद्रात होते आणि शेवटच्या वर्षी ते जवळपास बोलत नव्हते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझा नऊ वर्षांचा मुलगा हट्टाने आपला लाकडी बैल घेऊन तिथे आला. हॉलमध्ये सात-आठ आजोबा भिंतीकडे पाहत बसलेले होते. त्याने बैल मधल्या टेबलावर ठेवताच त्यांतले तीन जण उठून आले, एकाने बैलाच्या पाठीवरची झूल सारखी केली, आणि माझ्या वडिलांनी त्याच्या शिंगांवरून हात फिरवत "बेगड नाही लावली?" असे विचारले. कित्येक आठवड्यांनी आम्ही त्यांचे पूर्ण वाक्य ऐकत होतो. पुढच्या भेटीत आम्ही बेगड घेऊन गेलो, तेव्हा त्यांना काही आठवत नव्हते, पण त्यांनी ती नीट लावली. घरात लहान मुले असतील तर "त्यांना भीती वाटेल" म्हणून त्यांना दूर ठेवू नका. ती ओळख विचारत नाहीत.

प्रतिसाद : सून, त्रिमूर्तीनगर

येथे सर्वांनी जाण्याच्या बाजूने लिहिले आहे आणि तेच योग्य आहे, पण मी थोडे वेगळे लिहिणार आहे.

माझ्या सासूबाई अडीच वर्षे केंद्रात होत्या. मी पहिले वर्ष आठवड्यातून तीनदा जात होते. ती भेट नव्हती, ते प्रायश्चित्त होते. आम्ही त्यांना तिथे ठेवले याची फेड म्हणून मी जात होते, त्यामुळे माझा चेहरा ओढलेला असायचा, लक्ष घड्याळाकडे असायचे, आणि सासूबाईंना तो चेहरा वाचता येत होता. माझा रक्तदाब वाढला तेव्हा आम्ही चौघांत वार वाटून घेतले आणि मी पंधरा दिवसांतून एकदा जाऊ लागले. त्यानंतरच्या भेटी चांगल्या झाल्या. तुमचे काका "जाऊ नये" म्हणतात. त्यांना वाद घालून पटवण्यापेक्षा महिन्यातला एक शनिवार त्यांच्याकडे सोपवा. पुष्कळ पुरुषमाणसे तिथे जाऊन काय करायचे हे न कळल्यामुळे जात नाहीत आणि त्यालाच तत्त्वाचे रूप देतात. त्यांना एक काम द्या, चष्म्याची काडी बसवून आणणे, नखे कापणे, असे काही.

दुसरे असे की भेट तुमच्या आजीच्या मनासाठी असते तशीच ती तिच्या शरीराच्या राखणीसाठीही असते, आणि व्यवस्थापकांनी महिन्यातून एकदाच या असे म्हणणे मला अजिबात रुचलेले नाही. भेटीची वेळ बदला असे त्यांनी म्हटले असते तर मी समजू शकले असते. आमच्या सासूबाई ज्या केंद्रात होत्या तिथली माणसे वाईट नव्हती, कमी होती. एकदा मी ठरलेला वार सोडून गेले, तेव्हा त्यांच्या तोंडात दुसऱ्याच बाईंची कवळी होती आणि त्यामुळे चार दिवस त्या नीट जेवत नव्हत्या. त्या "भूक नाही" म्हणतात, असे नोंदवहीत लिहिलेले होते. आणखी एकदा माकडहाडाजवळ रुपयाएवढी लाल जागा दिसली, जी दाबल्यावरही पांढरी होत नव्हती; शय्याव्रणाची सुरुवात अशी असते, आणि तेव्हा लक्ष गेले म्हणून कुशी बदलण्याचे वेळापत्रक लावून ते तिथेच थांबवता आले. म्हणून टाचा, माकडहाड, कोपरे, नखे, तोंडाच्या आतली जागा हे सगळे बोलता बोलता पाहत जा, आणि काही दिसले तर भांडण न करता लेखी कळवा. दखल घेतली गेली नाही तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे मार्गदर्शन मिळते. मावशींचे नाव विचारा, त्यांच्या मुलांची चौकशी करा. तुमच्या आजीला रात्री पाणी पाजणारा हात त्यांचा आहे.

प्रश्नकर्ती : नात, मानेवाडा (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. मी प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा बाबांना वाचून दाखवला.

डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यावरून आम्ही आधी तपासण्या करून घेतल्या. लघवीत संसर्ग निघाला आणि सोडियमही थोडे कमी होते. औषधाने पाच-सहा दिवसांत तिची रात्रीची तगमग कमी झाली. ती मला ओळखू लागली, असे मात्र झालेले नाही. हाताची हालचाल पार्किन्सनची वाटत नाही, असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले.

मग मी आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "तुला माहीत नाही काय? ती लग्नाआधी सातऱ्यावर जात होती न." मला सातरा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. भिवापूरकडे मिरच्या वाळवून त्यांचे देठ खुडायच्या जागेला सातरा म्हणतात, तिथे बायका आणि मुली दिवसभर बसून देठ खुडत, आणि आजी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून तिच्या आईबरोबर तिथे जायची. आम्हा नातवंडांना तिने हे कधी सांगितले नव्हते. आबा सरकारी नोकरीत होते, आम्ही तिला नेहमी स्वच्छ पातळ नेसून देवापुढे बसलेली पाहिले, आणि त्याआधी तिचे काही आयुष्य होते हे आमच्यापैकी कोणी विचारलेच नाही.

मिरच्या नेणे शक्य नव्हते, कारण तोच हात डोळ्याला लागला असता. मी अर्धा किलो गवारीच्या शेंगा आणि एक सूप नेले, आणि सकाळी साडेदहाला पोहोचले. काही न बोलता मी तिच्यासमोर बसून शेंगांची टोके खुडायला सुरुवात केली. तिने थोडा वेळ पाहिले, माझ्या हातातली शेंग काढून घेतली, आणि मग तिची बोटे ज्या गतीने चालली ती गती मला शेवटपर्यंत साधली नाही. मधे एकदा ती म्हणाली, "असं नाही वं, नखानं खुड." मी पाऊण तास तिच्याकडून शिकत होते. गाडीचा विषय निघाला तेव्हा मी विचारले, "भिवापूरला उतरल्यावर घर कोणत्या बाजूला आहे?" तिने हाताने दिशा दाखवली आणि रस्त्यात कोणाकोणाची घरे लागतात ते सांगितले. त्यांतली दोन नावे आत्याने ओळखली.

शेंगा संपल्यावर तिने सूप माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "मोजून घे, अन् लिहून ठेव." आत्याने नंतर सांगितले की सातऱ्यावर मजुरी वजनावर मिळत असे. मी माझ्या पर्समधल्या डायरीत तारीख टाकून तिच्यासमोर लिहिले : शेंगा, अर्धा किलो. तिने लिहिलेले पाहिले आणि मान हलवली. मावशींनी ताट आणले, मी "येते हं" म्हटले, आणि तिने वर न पाहता "ये" म्हटले.

येत्या शनिवारी काका जाणार आहेत. त्यांनी काल फोन करून विचारले की गवार कुठून घ्यायची, आणि कोवळी घ्यायची की जून.